मृत माड, एकूण चौदा

वादळानंतर श्रीवर्धनच्या बागेत
चौदा माड उभे राहिले, शेंड्याविना.
झावळ्या कुठे गेल्या, कुणी पाहिलं नाही,
त्या दिवशी जो तो आपापलं छप्पर धरून बसला होता.

यादी मी केली. वृक्ष नोंदवही, पान एकेचाळीस,
रकान्यात लिहिलं: मृत.
शेरा: पर्यटकांच्या डोक्यावर पडण्याचा संभव.
मग तीन वर्षं फाइल फिरली.
फाइल फिरते तेव्हा जागचं काहीच हलत नाही,
एवढं या नोकरीत शिकलो.

दरम्यान ते आले.
कुठून, ते हमीदाबी उंड्र्यांना विचारा.
बाकावर बसून त्या रोज शिव्या देतात:
"पेरू उष्टे केले, मिरची नेली,
आणि वर मलाच ओरडतात, मेले!"
शिव्या देता देता ओढणीची गाठ सोडून
भिजवलेले चणे कठड्यावर ठेवतात.
ते मी पाहत नाही, असं आमचं ठरलंय.

सकाळी खाडीपलीकडे,
संध्याकाळी सहा-दहाला परत, एसटीपेक्षा वेळेवर.
वाकडी हिरवी ओळ, भांडत भांडत
सुरूंवरून वळते
आणि एकेक जण आपल्या भोकात घुसतो,
चाळीत शिरावं तसा.
बाहेरगावचे लोक पोरांना उचलून दाखवतात,
"बोल रे, विठू विठू बोल."
ते एक अक्षर बोलत नाहीत.
पोपटपंची आम्ही करतो, वरच्या मजल्यावर,
मासिक सभेत.

मार्चमध्ये मंजुरी आली. माडामागे साडेआठशे.
भिकाजी नाकती आला, पाडेली,
पायात सुंभाचा फास, कमरेला कोयता.
वय विचारलं तर म्हणाला, "माड मोजा, वर्षं कशाला?"
चढता चढता म्हणाला,
"वर धरायला झावळी नाही. काय धरू, ते सांगा सायेब."
मी खाली, हातात फाइल. तीच धरून होतो.

वीस हातांवर थांबला.
खोडाला टिचकी मारली, कान लावला,
फणसाला लावतात तसा.
भोकातून लाल चोच आली
आणि त्याच्या अंगठ्याचा लचका घेऊन आत गेली.
भिकाजी हसला.
रक्त चोखत, तिथेच लटकून, बराच वेळ.

"चार हायत. पिसं नाय अजून.
पोकळ हाय, पण रिकामा नाय."
कोयता गोणपाटात गुंडाळला
आणि साडेआठशे गुणिले चौदा
बागेच्या फाटकात सोडून निघून गेला.

जिवंत लिहावं, तर एक पान नाही.
मृत लिहावं, तर आतून ओरडा.
तिसरा रकाना छापलेलाच नाही.
मुख्याधिकारी म्हणाले, झालं काम?
मी म्हणालो, झालं.
ते नेमके त्याच संध्याकाळी फिरायला आले,
बोटाने चौदा मोजले, परत मोजले,
आणि माझा चांगलाच पोपट झाला.
मेमो त्याच फायलीला लावून ठेवलाय.

ही गोष्ट जुनी झाली.
पुढे तीन माड आपले आपण पडले,
रात्री, कुणाच्याच डोक्यावर नाही.
त्या चारांतल्या एकाला यंदा कंठ फुटला:
गुलाबी, वर काळी रेघ,
कुणी ओल्या बोटाने ओढल्यासारखी.
तोच कशावरून, विचाराल.
नसेल. मला तोच वाटतो.

पान एकेचाळीसवर, मृत या शब्दापुढे,
पेन्सिलीने, खोडता येईल असं,
मी लिहिलंय: राहतात.

सहा वाजून नऊ मिनिटं.
हमीदाबी गाठ चाचपतात,
सुरूंकडे तोंड करून
साऱ्या बागेला ऐकू जाईल असं ओरडतात,
"आले, आले मेले!"